पारा ३४ वर, तरी जीव कासावीस: रत्नागिरीचा उष्णता आराखडा कसा असावा?

रत्नागिरीतला उन्हाळा आता होळीची वाट बघत नाही. २०२३ आणि २०२५ या दोन्ही वर्षी भारतीय हवामान विभागाला फेब्रुवारीतच कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. मे महिन्यात चित्र वेगळं असतं. टीव्हीवर अकोला, चंद्रपूरचा ४४-४५ अंशांचा आकडा झळकतो आणि रत्नागिरीचा पारा ३३-३४ वर असतो. मग आपल्यातलंच कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे काय, समुद्र आहे ना." पण त्याच दिवशी राजिवड्यातल्या किंवा मिरकरवाड्यातल्या पत्र्याच्या घरात दादीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, ब्लडप्रेशरवाल्या चाचांना चक्कर येते आणि बाळ अंगावर घामोळं घेऊन रडत राहतं.

आकडा कमी, पण त्रास जास्त. असं का होतं, सरकारी इशारे या त्रासापर्यंत का पोहोचत नाहीत आणि जगात ज्यांनी शास्त्राच्या आधारे उष्णतेचे मृत्यू कमी केले त्यांच्याकडून रत्नागिरीने काय घ्यावं, याची माहिती आम्ही या लेखात एकत्र देत आहोत. घरात आणि मोहल्ल्यात काय करायचं, हेही शेवटी दिलं आहे.

माठाचं शास्त्र

आपलं शरीर माठासारखं थंड होतं. माठातून पाणी पाझरतं, ते हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. घामाचंही तसंच. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे.

कोकणात अडचण इथेच आहे. हवेत आधीच बाष्प भरपूर, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो. विदर्भात माठातलं पाणी गारेगार होतं, आपल्याकडे तितकं होत नाही. नागपुरात घरोघरी चालणारा पाण्याचा कूलर रत्नागिरीत कुणी घेत नाही, कारण तो इथे चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जी हवा कूलरला हरवते, तीच आपल्या शरीरालाही हरवते.

शास्त्रज्ञ हे मोजायला ओल्या फडक्याचा थर्मामीटर वापरतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की तो जे तापमान दाखवतो, त्याला 'आर्द्र तापमान' म्हणू. घाम वाळून शरीर जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, त्याचा अंदाज त्यावरून येतो. आता दोन दिवसांची तुलना करा:

• विदर्भातला कोरडा दिवस: तापमान ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. आर्द्र तापमान साधारण २४ अंश.
• कोकणातला दमट दिवस: तापमान ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के. आर्द्र तापमान साधारण २९ अंश.

पारा आठ अंशांनी कमी, पण घामाने गार होण्याच्या बाबतीत कोकणातला दिवस पाच अंशांनी जड. आर्द्र तापमान ३५ अंशांवर गेलं तर धडधाकट माणूसही सावलीत फार काळ तग धरू शकत नाही, असं २०१० साली शास्त्रज्ञांनी मांडलं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच असल्याचं दिसलं. वय झालेल्यांची, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांची मर्यादा त्याहून खाली. म्हणजे आपला मे महिन्यातला 'साधा' दिवस या रेषेपासून फार लांब नाही.

इशारा कधी येतो, कधी येत नाही?

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश असावं लागतं. शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं. तेव्हाच उष्णतेची लाट म्हणतात.

या निकषात कोकणातला एक प्रकारचा उन्हाळा बसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे येतात, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरापर्यंत आत शिरत नाही, आणि एरवी ३१-३२ वर राहणारा पारा ३७-३८ वर जातो. त्या दिवसांसाठी इशारा मिळतो.

दुसरा प्रकार एप्रिल-मेचा, दमट. ३४ अंश, अंगाला चिकटलेले कपडे, पान न हलणारी संध्याकाळ आणि रात्रीही न उतरणारा उकाडा. हा दिवस ३७ ची रेषा ओलांडत नाही, म्हणून लाटेच्या व्याख्येत येत नाही. हवामान विभागाने २०२३ पासून प्रायोगिक तत्त्वावर उष्मा निर्देशांक द्यायला सुरुवात केली. त्यात आर्द्रता धरलेली असते. हे पाऊल योग्य दिशेचं आहे. पण शाळेची वेळ बदलणं, कामाचे तास हलवणं, दवाखान्यात जादा खाटा ठेवणं हे निर्णय जोवर फक्त पाऱ्याकडे बघून होतात, तोवर कोकणातला निम्मा उन्हाळा हिशेबाबाहेरच राहणार.

खारघर विसरू नये

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघर इथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय उघड्या मैदानावर तासन्‌तास उन्हात बसला होता. पारा सुमारे ३८ अंश होता. विदर्भात एप्रिलमधला हा अगदी साधा दिवस. तरीही उष्माघाताने १४ माणसं गेली. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर सरकारी कार्यक्रम घेणार नाही, असं राज्य सरकारने जाहीर केलं.

खारघर कोकणातच येतं, आपल्यासारखीच खाडीकाठची दमट हवा तिथे असते. उरूस, इज्तेमा, लग्नाचा मांडव, क्रिकेटच्या स्पर्धा, प्रचारसभा हे सगळं आपल्याकडेही याच महिन्यांत होतं. दुपारची वेळ टाळणं, सावली आणि पाणी ही आयोजकांची जबाबदारी आहे. चौदा घरांनी त्याची किंमत मोजली आहे.

अहमदाबादने काय केलं?

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर संशोधकांनी शहराची मृत्युनोंद तपासली. आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या मे महिन्याशी तुलना केली, तर त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. दाखल्यांवर 'उष्माघात' लिहिलेले मृत्यू यापेक्षा कितीतरी कमी होते. कुणाचं हृदय बंद पडलं, कुणाची किडनी निकामी झाली, कुणी झोपेतच गेलं, आणि कारण म्हणून तेवढंच लिहिलं गेलं.

हा आकडा समोर आल्यावर महापालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेसह इतर संशोधकांना बरोबर घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातला हा पहिला. त्यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. शहराच्या स्वतःच्या मृत्युनोंदीवरून पिवळा, केशरी, लाल अशा इशाऱ्यांच्या पातळ्या ठरवल्या. इशारा आला की कोणत्या खात्याने काय करायचं हे आधीच लिहून ठेवलं. डॉक्टर, परिचारिकांना प्रशिक्षण दिलं. पाणपोया वाढवल्या, बागा जास्त वेळ उघड्या ठेवल्या. शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाने बाळंतिणींचा वॉर्ड तापणाऱ्या सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली आणला होता, आणि उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या नवजात बाळांचं प्रमाण कमी झालं होतं. खर्च जवळजवळ शून्य.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज आहे. महाराष्ट्रात नागपूरने २०१६ मध्ये असा आराखडा केला.

पण कागदावर आराखडा असणं आणि तो चालणं यात अंतर आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये देशातले ३७ आराखडे तपासले. स्थानिक तापमानाची पातळी फक्त १० आराखड्यांत ठरवलेली दिसली. सर्वाधिक धोका कुणाला, याची पाहणी फक्त दोघांनी केली होती. पैसा कुठून येणार हे फक्त तिघांनी लिहिलं होतं. रत्नागिरीच्या आराखड्याकडेही याच तीन प्रश्नांनी बघायला हवं.

मक्केतून दोन धडे

उष्णतेपुढे माणूस हतबल नाही, याचा मोठा पुरावा आपल्या सगळ्यांच्या जवळच्या ठिकाणी आहे. सौदी संशोधकांनी हजच्या काळातली चाळीस वर्षांची आकडेवारी तपासली. या काळात मक्केचं तापमान दर दशकाला सुमारे ०.४ अंशाने वाढलं. तरी हाजींमधलं उष्माघाताचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी आणि त्यातल्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांनी घटलं. सावली, पाण्याचे तुषार, वातानुकूलित तंबू, मेट्रो आणि जागोजागी उपचार केंद्रं यांचा हा परिणाम. ऊन वाढलं, तरी मृत्यू कमी झाले.

दुसरा धडा २०२४ चा. त्या वर्षी मस्जिद-उल-हरामच्या परिसरात पारा ५१.८ अंशांवर गेला आणि सौदी सरकारच्या माहितीनुसार १,३०१ जणांचा इंतेकाल झाला. त्यातले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते. ना तंबू, ना बस. भर उन्हात लांबलांब चालत गेलेली ही माणसं होती. ऊन सगळ्यांना सारखंच होतं, पण जे व्यवस्थेच्या बाहेर होते ते जास्त मेले. रत्नागिरीत व्यवस्थेच्या बाहेर कोण आहे, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

रत्नागिरीत धोका कुणाला?

• पत्र्याच्या एकखोली घरात राहणारी कुटुंबं. जांभ्या चिऱ्याची भिंत, कौलारू छप्पर आणि पडवी असलेलं जुनं घर हवेशीर असायचं. पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खाली सोडतो.
• बंदरावरचे खलाशी, बर्फ-मासळी वाहणारे हमाल आणि रस्त्याकडेला पाटी घेऊन बसणाऱ्या मासळी विक्रेत्या बाया.
• सड्यावरच्या चिरेखाणीतले मजूर. उघडा कातळ खालून तापतो, वर सावली नाही.
• आंब्याच्या बागेत झाडावर चढणारे आणि पेट्या भरणारे कामगार. यात परराज्यातले आणि नेपाळचे बरेच. त्यांना मराठी इशारा समजेलच असं नाही.
• स्वयंपाकघरातल्या बायका. हा धोका कुणी मोजतच नाही. बंद खोली, गॅस, वर पत्रा आणि अंगावर पूर्ण कपडे.
• एकटे राहणारे बुजुर्ग. मुलं मुंबईत किंवा आखाती देशांत, घरात फक्त आई-वडील, अशी घरं आपल्या गावांत खूप आहेत.

एक गोष्ट बोलून दाखवायलाच हवी. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत आंब्यासाठी जास्त तापमानाचा निकष आहे. पारा ठराविक मर्यादेपुढे गेला तर बागायतदाराला भरपाई मिळू शकते, आणि ती मिळायलाच हवी. पण त्याच उन्हात तो आंबा उतरवणाऱ्या मजुरासाठी असा निकष नाही. हे अशक्य नाही. 'सेवा' या महिला कामगारांच्या संघटनेने २०२४ मध्ये राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या २२ जिल्ह्यांत सुमारे ५० हजार महिलांसाठी असा उष्णता विमा चालवला. ठरलेल्या तापमानापुढे पारा गेला की थेट खात्यात रक्कम.

रत्नागिरीच्या आराखड्यात काय हवं?

१. दोन ऋतूंचे दोन इशारे. फेब्रुवारी-मार्चसाठी पाऱ्यावर आधारित, एप्रिल-मेसाठी आर्द्रता आणि रात्रीचं तापमान धरून. रत्नागिरीत हवामान विभागाची वेधशाळा आहे, म्हणजे नोंदी हाताशी आहेत.

२. मृत्यूंची रोजची मोजणी. नगर परिषद आणि ग्रामपंचायतींच्या मृत्युनोंदी तारखेनुसार तापमान-आर्द्रतेशी ताडून बघाव्यात. शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हा अभ्यास तिथे होऊ शकतो. किती अंशांवर आपल्या जिल्ह्यात माणसं जास्त दगावतात, हे कळल्याशिवाय इशाऱ्याची पातळी ठरवता येणार नाही.

३. थंड छपरं. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. छपराला चुना किंवा पांढरा रंग दिल्यावर खोलीचं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरू शकतं. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, चुना टिकत नाही. म्हणून हे काम दरवर्षी जानेवारीत करावं लागेल, आणि गरीब वस्त्यांसाठी त्याची तरतूद अंदाजपत्रकातच हवी. पत्र्यावर नारळाची झापं अंथरण्याची आपली जुनी पद्धतही तेच काम करते. फक्त आगीची काळजी घ्यावी.

४. रात्रीची वीज. दमट हवेत पंखा हे औषध आहे. हवा हलली तरच घाम वाळतो. त्यामुळे इशाऱ्याच्या काळात रात्रीचं भारनियमन किंवा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवणं टाळणं हा आरोग्याचा निर्णय समजावा.

५. कामाचे तास. चिरेखाण, बांधकाम आणि बंदरावरचं जड काम १२ ते ४ बंद. मजुरी मात्र कापली जाऊ नये. नाहीतर मजूर स्वतःच उन्हात उभा राहील.

६. पाणी आणि सावली. इतका पाऊस पडूनही जिल्ह्यातल्या वाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. उन्हाच्या इशाऱ्याबरोबर टँकरच्या फेऱ्या वाढाव्यात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. बस थांब्यांवर आणि बाजारात आधी छत, मग झाडं लावायला हवीत.

आपल्या मोहल्ल्यात आपण काय करू शकतो?

आपल्या मशिदींत मोठा हॉल, पंखे, पाणी आणि वजूखाना असतो. जुहर ते असर ही जागा थकलेल्या मजुरासाठी, फेरीवाल्यासाठी, तो कुठल्याही धर्माचा असो, उघडी ठेवली तर उद्यापासून विसावा केंद्र सुरू होईल. ट्रस्टींनी जमातीत हा विषय घ्यावा. कडक उन्हात जुहरची नमाज थोडा थंडावा येईपर्यंत उशिरा पढण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. आपल्या इमामसाहेबांशी बोलून वेळ ठरवता येईल.

२०२६ मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. पुढची काही वर्षं तो थंडीकडे सरकेल, त्यामुळे रोजेदारांना दिलासा आहे. बकरी ईद मात्र आता मेमध्ये येते आहे, २०२७ ला मेच्या मध्यावर आणि २०२८ ला मेच्या सुरुवातीला. ईदगाहवर मांडव, लवकरची जमात, कुर्बानीचं काम सकाळीच आटोपणं आणि गोश्त लगेच बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवणं, याची तयारी आधीपासून करावी. रोजात तब्येत जास्त बिघडली तर रोजा पुढे ठेवण्याची सवलत शरिअतने दिलेलीच आहे. आजाऱ्यांनी उगाच जिद्द करू नये.

प्रत्येक गल्लीतल्या चार तरुणांनी एकट्या बुजुर्गांची यादी करावी आणि उकाड्याच्या दिवसांत दुपारी आणि रात्री एकदा दार वाजवावं. ब्लडप्रेशर, लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू असतील तर उन्हाचा त्रास लवकर होतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

उष्माघात झाला तर

अंग भाजतंय, माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या जातायत, फिट येतेय किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी. क्रम लक्षात ठेवा:

• आधी थंड करा, मग हलवा. सावलीत आणा, जादा कपडे काढा, अंगावर थंड पाणी ओता किंवा ओल्या चादरीत गुंडाळा, जोरात वारा घाला. मान, काख, जांघेत बर्फ ठेवा.
• त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करावा.
• शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.
• तापाची गोळी देऊ नका. हा ताप तिने उतरत नाही.

नुसता थकवा, पेटके, डोकेदुखी असेल तर सावलीत बसवून ओआरएस द्या. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेलं कोकम सरबत, ताक, शहाळंही चालतं. मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर मीठ-साखरेचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवा.

मागणी कुठे करायची?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याचा उष्णता आराखडा काय आहे, तो कधी सुधारला, पैसा किती ठेवला, हे माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून विचारता येतं. शहरात नगरसेवकाकडे आणि नगर परिषदेकडे लेखी मागणी करा. गावात २६ जानेवारीची ग्रामसभा सोडू नका. १ मेच्या ग्रामसभेत ठराव केला तर निम्मा उन्हाळा उलटलेला असतो.

मागणी मोघम नको. आमच्या वस्तीत पत्र्याची घरं किती, एकटे बुजुर्ग किती, पाण्याचे नळ किती, गेल्या मेमध्ये किती मयती झाल्या, हे कागदावर मांडून जा. अहमदाबादेत आकड्यांनीच काम सुरू झालं होतं.

मौत आणि हयात अल्लाहच्या हाती, यावर आपला ईमान आहे. पण उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, हेही आपल्याला शिकवलेलं आहे. पुढचा फेब्रुवारी येण्याआधी छपराला चुना, मशिदीचं उघडं दार, गल्लीतली यादी आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज, एवढं तरी झालेलं असावं.